मोर्चाने काय होते?

आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे असे कार्यकारिणीने ठरविले, तेव्हा माझ्या वाट्याला उपवासाच्या पदार्थांचे पान आले होते. ते मी दुसऱ्या एका भगिनीस दिले आणि हा विषय मागून घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहासाचा अभ्यास म्हणावा असा मी काही केलेला नाही. परंतु वाचनालयाची वर्गणी सोळा वर्षे नेमाने भरीत आले आहे, आणि इतिहास घडत असताना जी माणसे त्यात उभी होती अशी दोन-तीन माणसे माझ्या माहेरी-सासरी होती. त्यांच्याकडून ऐकलेले व पुस्तकातून वाचलेले एकमेकांशी ताडून पाहावयाची मला सवय लागली आहे.

विषय सुचण्याचे कारण बहुतेक भगिनींना ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्यात आपल्या भागात एक दिवसाआड पाणी येऊ लागले, तेव्हा हंडे घेऊन वॉर्ड ऑफिसवर जावे की निवेदन देऊन थांबावे, यावर सभेत दोन तास चर्चा झाली. ‘आपले मंडळ भजन-हळदीकुंकवाचे, आपण कशाला रस्त्यावर यावे’ असे काहींचे म्हणणे पडले. एका भगिनीने सरळच विचारले, ‘मोर्चाने काय होते? आजवर कुणाचे काही झाले आहे का?’ त्यावर कोणीच नीट उत्तर दिले नाही. चहा आला आणि सभा संपली. पाणी अजून एक दिवसाआडच येते व पुढच्या महिन्याच्या सभेपुढे तो विषय पुन्हा यावयाचा आहे. प्रश्न विचारणाऱ्या भगिनीवर माझा मुळीच रोष नाही. प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर नुसते ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही.

प्रथम महाडची गोष्ट सांगते, कारण ती पाण्याचीच आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की चवदार तळे अस्पृश्यांना कायद्याने बंद होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो कायदा मोडला. वस्तुस्थिती उलट आहे. मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ सालीच मंजूर झाला होता की सरकारी खर्चाने बांधलेली व चालणारी पाणवठ्याची, शाळेची, दवाखान्याची ठिकाणे सर्वांना खुली असावीत. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर तळे उघडेच होते. तीन वर्षांत एकाही अस्पृश्य बाईची घागर त्यात बुडाली नाही. २० मार्च १९२७ रोजी परिषदेला आलेले हजारो लोक रांगेने तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, आणि मग त्या कागदाला अर्थ आला.

पण तेवढ्याने झाले काय? त्याच दिवशी गावात परिषदेच्या लोकांना मारहाण झाली. पुढे तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. नगरपालिकेने आपला ठरावही परत घेतला. डिसेंबरात पुन्हा हजारो लोक महाडला जमले. त्यात स्त्रियाही होत्या, व त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी वेगळे भाषण केले. परंतु तळ्याचा दावा कोर्टात गेला, आणि हायकोर्टाचा अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. त्या दिवशी तळ्यावर गेलेली दहा वर्षांची मुलगी निकालापर्यंत वीस वर्षांची होऊन लेकुरवाळी झाली असेल. मोर्चाचा हिशेब दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रावरून करणाऱ्यांनी ही दहा वर्षे ध्यानात ठेवावीत असे मला वाटते.

परदेशातील गोष्टींचा मला फारसा अधिकार नाही, तरी दोन सांगितल्यावाचून राहवत नाही. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या बाजारातील बायका पाव मिळत नाही म्हणून भर पावसात राजाच्या व्हर्सायच्या वाड्यावर चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाराणीला पॅरिसला घेऊन आल्या. रशियात ८ मार्च १९१७ रोजी पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतील बायका पावासाठीच रस्त्यावर आल्या, आणि आठवडाभरात झारने सिंहासन सोडले. जागतिक महिला दिनाची ८ मार्च ही तारीख जगभर रूढ झाली ती या घटनेवरून. आपण त्या दिवशी पैठणीचे खेळ खेळतो. खेळावे, मला स्वतःलाही आवडतात. पण ती तारीख भाकरीची आहे एवढे मुलींना सांगून ठेवावे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीविषयी शाळेत थोडेफार शिकवितात, म्हणून मी थोडक्यात आवरते. मराठी भाषिकांचे राज्य मुंबईसह व्हावे ही मागणी. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार होऊन १५ माणसे ठार झाली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असे जाहीर केले, तेव्हा पुन्हा आठवडाभर शहर पेटले व पुन्हा गोळीबार झाला. सारे मिळून १०६ हुतात्मे आपण मोजतो. फेब्रुवारीत पुण्याला संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे, सारे एका व्यासपीठावर आले. अमरशेख आणि अण्णाभाऊ साठे यांनी गावोगाव शाहिरी नेली. १ नोव्हेंबर १९५६ ला गुजरातसह द्वैभाषिक राज्य गळ्यात पडले, तरी लोक थांबले नाहीत. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने आणि मुंबईने समितीला भरभरून मते दिली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा वाटेवर हजारो लोक काळी निशाणे घेऊन उभे होते. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले.

हा मोर्चाचा विजय, यात शंका नाही. परंतु माझ्या मते तो नुसत्या मोर्चाचा नव्हे. मोर्चातील माणूस घरी जाऊन स्वस्थ बसला नाही, तो दीड वर्षाने मतपेटीशीही गेला. दिल्लीने प्रतापगडची काळी निशाणे पाहिली आणि त्याच्या आधी मतांचे आकडेही पाहिले होते. आणखी एक गोष्ट अशी की मागणी एका वाक्याची होती. ती अक्षरशत्रू बाईलाही पाठ होती. तरीसुद्धा सारे पदरात पडले नाही. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेर राहिली ती राहिलीच.

या चळवळीत बायका पुष्कळ होत्या, तुरुंगातही गेल्या. त्यांच्यापैकी अहिल्याताई रांगणेकर आणि मृणालताई गोरे ही दोन नावे येथे मुद्दाम लिहिते, कारण पुढच्या हकिगतीत त्याच भेटणार आहेत. १९६१ साली दोघीही मुंबई महानगरपालिकेत निवडून आल्या. मृणालताईंनी गोरेगावच्या वस्त्यांना नळ मिळावेत म्हणून इतके मोर्चे काढले की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’च म्हणू लागले.

आता १९७२ साल. हे साल माझ्या माहेरी आणि सासरी, दोन्ही घरी, लग्नमुंजीच्या तारखांपेक्षा जास्त वेळा निघते.

माझे माहेर तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. १९७२ साली पाऊस जवळजवळ पडलाच नाही, आणि त्याच्या आधीची दोन वर्षेही ओढगस्तीचीच होती. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली. सरकारने दुष्काळी कामे काढली: रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती आणि खडी फोडणे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात पन्नास लाखांच्या घरात माणसे अशा कामांवर होती. माझी आई त्या वेळी पंधरा वर्षांची. तिचे नाव मस्टरवर सतरा वर्षांचे म्हणून घातले होते. सकाळी उन्हाच्या आधी खडी फोडावयास बसावयाचे. डोळ्यांत कच जाऊ नये म्हणून पदर ओढून घ्यावयाचा, पण मग नीट दिसत नसे व हातोडी बोटावर बसे. तिच्या डाव्या अंगठ्याचे नख शेवटपर्यंत वाकडे राहिले. दुपारी सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो मिळे. त्याची भाकरी थापताना फाटे आणि खाल्ल्यावर पोटात दगड ठेवल्यासारखे होई, असे ती सांगे. मजुरी आठवड्याला मिळावयाची ती तीन-तीन आठवडे मिळत नसे. माप कमी धरले म्हणून मजुरी कापली जाई. तेव्हा कामावरची माणसे तहसील कचेरीवर जात. आईही दोनदा गेली होती. तिला मोर्चा हा शब्द माहीत नव्हता. ती ‘पैसे मागायला गेलो होतो’ एवढेच म्हणे.

माझ्या सासूबाई त्याच वर्षी मुंबईत गिरणगावातल्या चाळीत होत्या. वय चोवीस, पदरी दोन मुले, सासरे गिरणीत साच्यावर. दुष्काळाने धान्य महागले. साठेबाजांनी तेल, साखर, डालडा दडवून ठेवले. सरकारने १९७३ साली गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला, तो साधला नाही आणि पुढच्या वर्षी सोडून दिला. त्यात ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध होऊन खनिज तेलाचे भाव चौपट झाले, आणि रॉकेलची रांग चाळीच्या तोंडापासून नाक्यापर्यंत जाऊ लागली. १९७४ साली महागाई वर्षाला शेकडा पंचवीसच्याही वर गेली. हे आकडे मी पुस्तकात वाचले. सासूबाईंचा आकडा वेगळा होता. त्या म्हणत, ‘महिन्याची वीस तारीख आली की डब्यात चमचा वाजायचा.’

१९७२ सालीच मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती निघाली होती. मृणालताई आणि प्रमिलाताई दंडवते समाजवादी, अहिल्याताई मार्क्सवादी, ताराबाई रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. यांच्या पक्षांचे एकमेकांशी किती पटे ते सर्वांना माहीत आहे. पण रॉकेलच्या रांगेत पक्ष नसतो. शिवाय कोणत्याच पक्षाच्या नसलेल्या हजारो गृहिणी त्यांच्यामागे आल्या, आणि माझ्या मते समितीचे खरे बळ तेच होते.

समितीने हत्यार निवडले ते लाटणे. यात मला फार मोठे शहाणपण दिसते. झेंडा विकत आणावा लागतो, फलक लिहावयास अक्षर लागते. लाटणे प्रत्येक घरात असते, ते घेऊन बाहेर पडण्यास नवऱ्याची परवानगी लागत नाही, आणि शेजारणीने पाहिले तरी ‘धार लावायला नेते आहे’ असे खोटे बोलावे लागत नाही. पोलिसांचीही पंचाईत. लाठी जप्त करता येते. बाईच्या हातातले पोळपाटावरचे लाटणे हत्यार कसे म्हणावे? असे लाटणे उंच धरलेले वीस-वीस हजार बायकांचे मोर्चे त्या काळी मुंबईत निघाले. कधी सरकारी कचेऱ्यांवर, कधी मंत्र्यांच्या बंगल्यांवर, तर कधी साठा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या दारांवर. ज्यांना घर सोडून येणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी थाळीनादाचा कार्यक्रम असे. ठरलेल्या वेळी आपल्याच दारात, खिडकीत, गॅलरीत उभे राहून रिकाम्या थाळीवर लाटणे वाजवावयाचे.

सासूबाई पहिल्यांदा थाळीनादातच सामील झाल्या, कारण धाकटा तान्हा होता. त्यांच्या मजल्यावर अठरा खोल्या. त्यांतील अकरा बायकांनी थाळ्या काढल्या. सात जणींनी दारे लावून घेतली. तिसऱ्या वेळी दारे लावणाऱ्या दोनच उरल्या, असे त्या मोजून सांगत. त्यानंतर त्या मोर्चालाही गेल्या. घरी सांगून गेल्या नव्हत्या. रात्री सासऱ्यांनी ‘बायकामाणसांनी मंत्र्याच्या दारात जायचे का?’ असे विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले, ‘वाण्याच्या दारात रोज जाते ते चालते ना?’ यावर सासरे काही बोलले नाहीत. पुढच्या मोर्चाच्या दिवशी त्यांनी मुलांना सांभाळण्यासाठी पाळी बदलून घेतली. मला विचाराल तर त्या घरापुरता मोर्चाचा पहिला परिणाम तो.

२०२० साली २२ मार्चला सायंकाळी पाच वाजता करोनाच्या काळात डॉक्टर-परिचारिकांचे आभार म्हणून साऱ्या देशाने थाळ्या वाजविल्या, तेव्हा सासूबाई गॅलरीत आमच्याबरोबर उभ्या होत्या. त्यांनी थाळी वाजविली, पण मग म्हणाल्या, ‘आमची थाळी रिकामी होती म्हणून वाजत होती.’

आता मुद्द्याचे. लाटण्याने भाव उतरले काय? खरे सांगावयाचे तर भाव उतरले ते १९७५ च्या चांगल्या पावसाने, पिकाने आणि सरकारने पैशाची आवक आवळल्याने. १९७६ साली किमती चक्क खाली आल्या. त्याचे श्रेय मोर्चाला देणे म्हणजे कोंबड्याने सूर्य उगवला म्हणण्यासारखे होईल. मोर्चाने एवढेच झाले की साठा करणाऱ्यांना भीती बसली, ठिकठिकाणी दडविलेला माल रास्त भावाने विकावा लागला आणि रेशनच्या दुकानात ‘माल नाही’ एवढे सांगून बाईला परत पाठविणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही. सासूबाईंच्या दुकानदाराने दरांची पाटी लावली ती त्या वर्षी प्रथम. संयुक्त महाराष्ट्राची मागणी एकदा मिळाली की मिळाली. महागाई अशी एकदा जाऊन परत न येणारी पाहुणी नव्हे. म्हणून या मोर्चाचा शेवट कधी झाला हे सांगता येत नाही.

शेवट झाला तो वेगळ्याच प्रकारे. २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी आली. सभा बंद, मोर्चे बंद, वर्तमानपत्रांवर पहारा. अहिल्याताई, प्रमिलाताई तुरुंगात गेल्या. मृणालताई काही महिने भूमिगत राहिल्या व नंतर पकडल्या गेल्या. बाजारात साखर-तेल मिळू लागले होते, गाड्या वेळेवर येत होत्या, आणि पुष्कळ लोक ‘बरे झाले, कटकट गेली’ असे म्हणत होते. आमचे सासरेही म्हणत असत. सासूबाई मात्र सांगत की रेशनवर पुन्हा खडे आले तेव्हा ते कुणाला दाखवायचे हेच कळेना. तक्रार करणारीला लोक ‘हळू बोल’ म्हणत. मोर्चाने काय होते याचे निम्मे उत्तर मला मोर्चा बंद असलेल्या त्या एकवीस महिन्यांत सापडते.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली. मुंबईतून मृणालताई आणि अहिल्याताई दोघीही लोकसभेवर गेल्या व श्रीमती इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा आमच्या घरात आजही लहान मुले अर्थ न कळता म्हणतात. प्रमिलाताई १९८० साली लोकसभेत गेल्या. त्याआधी १९७६ सालीच त्यांनी व इतर भगिनींनी महिला दक्षता समिती काढली होती. लाटणे घेऊन जमलेल्या बायका पुढे हुंडाबळींच्या प्रश्नावर जमू लागल्या. १९८३ साली सासरच्या छळाविरुद्धचे ४९८ अ कलम कायद्यात आले, त्यामागे देशभर अशा बायकांचा रेटा होता. भावासाठी एकत्र आलेल्या बायका भावापाशी थांबल्या नाहीत, हे मला जास्त मोलाचे वाटते.

इतके लिहून थांबले असते तर प्रश्न विचारणाऱ्या भगिनीला मी अर्धेच उत्तर दिले असे झाले असते. कारण ज्या घरातून लाटणे गेले, त्याच घरातून १८ जानेवारी १९८२ रोजी सासरे डॉ. दत्ता सामंतांच्या गिरणी संपात उतरले. अडीच लाख कामगार. एवढी माणसे एका वेळी काम बंद ठेवून बसली, असे उदाहरण या देशात क्वचितच सापडेल. एकजूट होती, त्याग होता, मागणी न्याय्य होती, आणि तरी संप हरला. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरून गेला. हजारो लोकांना पुन्हा कामावर घेतले नाही. सासऱ्यांनाही घेतले नाही. त्यांनी दोन वर्षे भाजी विकली. सासूबाईंच्या पाटल्या गेल्या, भांडी गेली, मोठ्या दिरांची शाळा सुटली. अखेर चाळीतली खोली विकून सारे कुटुंब इकडे आले. आपल्या वस्तीतील निम्मी घरे याच वाटेने आलेली आहेत, म्हणून अधिक लिहीत नाही.

तो का हरला यावर मी पुष्कळ विचार केला आहे. संप म्हणजे ‘आमच्यावाचून तुमचे अडेल’ असे म्हणणे. परंतु मालकांचे अडलेच नाही. त्यांच्याजवळ कापडाचे साठे पडून होते, भिवंडी-इचलकरंजीचे माग चालू होते, आणि पुढे पुढे तर कापडापेक्षा गिरणीखालच्या जमिनीचे मोल अधिक झाले. जेथे गिरणी बंद पडणे हेच कोणाला तरी हवे होते, तेथे गिरणी बंद पाडण्याच्या धमकीला कोण भिणार? १९७३ च्या मंत्र्याला मात्र बायकांच्या मतांची आणि आपल्या अब्रूची भीती होती. मोर्चा कोणाच्या दारात न्यावयाचा आणि त्या दारामागच्या माणसाला नेमके कशाचे भय आहे, हे आधी ओळखले पाहिजे. सासऱ्यांना मी एकदा हे बोलून दाखविले होते. ते म्हणाले, ‘हे आता कळते. तेव्हा सगळी लाइन बाहेर आली होती, मी एकटा आत जाणार होतो का?’ यावर मला उत्तर सुचले नाही व अजूनही सुचलेले नाही.

शेवटी आईच्या खडीकडे येते. राज्यात रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आली. १९७२ सालीच ती राज्यभर सुरू झाली, पण दुष्काळी कामांमुळे काही काळ मागे पडली. दुष्काळ सरला तशी सरकारी कामे बंद होऊ लागली. तेव्हा ‘दुष्काळ गेला, पण आमचे पोट गेले का?’ असे विचारत मजूर बायाबापड्या पुन्हा कचेऱ्यांवर जाऊ लागल्या. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, आणि काम देता आले नाही तर भत्ता, असा कायदा. दान म्हणून मिळत होते ते हक्क म्हणून लिहिले गेले. या कामांवर निम्म्याच्या आसपास बायका असत. २००५ साली देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तो महाराष्ट्राच्याच या वाटेने.

या योजनेस पैसा हवा म्हणून १९७५ साली शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. माझ्या यजमानांच्या पगारपत्रकावर तो आजही असतो. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाला २५०० रुपये. ‘हा कसला कर?’ म्हणून ते दर फेब्रुवारीत कुरकुरतात. पहिल्यांदा कुरकुरले तेव्हा आई आमच्याकडे राहावयास आली होती. तिला मी समजावून सांगितले की तुमच्या खडीच्या कामासारखी कामे चालावीत म्हणून जावयाच्या पगारातून हे पैसे कापून घेतात. तिने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, ‘मग आमचे तेव्हाचे तीन आठवडे राहिले होते, ते यात धरले आहेत का?’